भरतीच्या नियमात नसलेलं प्रमाणपत्र

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कायद्याची पुस्तकं विकणाऱ्यांबरोबर आणखी एका धंद्याला बरे दिवस आले. क्रिमिनल जस्टिस, क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक, सायबर क्राइम इन्व्हेस्टिगेशन अशा नावांचे तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधीही होतेच. आता त्यांच्या जाहिरातींना ‘नवीन कायद्यांनुसार’ हे शेपूट जोडता आलं. फी काही हजारांपासून सुरू होते आणि नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर लाखाकडे सरकते. ऑनलाइन, ऑफलाइन, शनिवार-रविवार, हप्त्यांची सोय, सगळं आहे. आणि हे घेणारा मुख्य ग्राहक कोण? पोलीस भरतीत दोन-तीनदा थोडक्यात हुकलेला मुलगा, एमपीएससीची पूर्व परीक्षा पार होत नाही म्हणून ‘काहीतरी हातात असावं’ असं वाटणारी मुलगी, आणि बी.ए. झाल्यावर पुढे काय, हे न सुचलेलं घर.

या अभ्यासक्रमांचे पैसे वसूल होतात का, हा प्रश्न एवढ्या मुलांच्या आयुष्यात येतो, तरी त्याचं उत्तर फार ढोबळपणे दिलं जातं. एक बाजू म्हणते, सगळं थोतांड आहे. दुसरी म्हणते, स्किलचा जमाना आहे, शिकलेलं वाया जात नाही. दोन्ही बाजू एका कागदाकडे बघतच नाहीत. तो कागद म्हणजे ज्या पदासाठी एवढा खटाटोप चालला आहे त्या पदाचे सेवाप्रवेश नियम.

सरकारी पदावर कुणाला घ्यायचं, हे निवड करणारा अधिकारी ठरवत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली त्या पदाचे नियम केलेले असतात. वय, शिक्षण, अनुभव, शारीरिक पात्रता यांची यादी तिथे असते आणि जाहिरातीतला ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद तिथूनच उचललेला असतो. खासगी कंपनीत मुलाखत घेणारा तुमची फाइल बघून ‘अरे वा, हेही केलंय’ म्हणू शकतो. भरतीच्या टेबलावर असं ‘अरे वा’ नसतं. तिथे रकाना असतो. रकान्यात बसणारा कागद चालतो, न बसणारा कितीही चकचकीत असला तरी परत पिशवीत जातो.

आता हे लावून बघू. फौजदारी न्याय म्हटलं की सामान्य घरातल्या मुलासमोर तीन दारं येतात. पहिलं पोलीस शिपायाचं. पात्रता बारावी. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यातून पुढे गेलेल्यांना १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. एवढ्या गर्दीत अर्ध्या गुणाने माणूस वेटिंगला जातो. पण गुन्हेगारीशास्त्राच्या प्रमाणपत्राला या १५० गुणांत अर्धा गुणसुद्धा नाही. दुसरं दार पोलीस उपनिरीक्षकाचं. लोकसेवा आयोगाची परीक्षा, पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. इतिहासात बी.ए. केलेला आणि बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला तिथे एकाच रांगेत, क्रिमिनॉलॉजीचं प्रमाणपत्र गळ्यात घातलेलाही त्याच रांगेत. तिसरं दार सहायक सरकारी अभियोक्त्याचं. तिथे कायद्याची पदवी आणि वकिलीचा अनुभव लागतो. त्याला पर्याय नाही.

म्हणजे ज्या तीन नोकऱ्यांची चित्रं माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतात, त्यातली एकही या कागदाने एक इंचसुद्धा जवळ येत नाही.

याचा अर्थ भरतीत कोणताच जादा कागद चालत नाही, असा नव्हे. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राला जादा गुण आहेत. होमगार्डमध्ये ठरावीक सेवा केलेल्यांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. खेळाडूंना ५ टक्के आहे. चालक पदासाठी वाहन परवाना लागतो. अनेक सरकारी पदांना संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी लागतं. हे सगळे कागद नियमात आहेत, म्हणून त्यांना किंमत आहे. क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी करावी लागते, त्यात बोगस निघतात, चौकश्या होतात. क्रिमिनल जस्टिसचं प्रमाणपत्र बोगस काढून भरतीत घुसल्याचं कुणी ऐकलं आहे? ज्या कागदाची नक्कल करायचेही कष्ट कुणी घेत नाही, त्याचा बाजारभाव त्यातच कळला.

यावर संस्थाचालकांचं ठरलेलं उत्तर असतं: भरतीत नाही तर नाही, पुढे खात्यात गेल्यावर हे ज्ञान उपयोगी पडेल. पडेल, नक्की पडेल. पण खात्यात गेलेल्या माणसाला खातं शिकवतं. उपनिरीक्षकाला नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, शिपायाला पोलीस प्रशिक्षण केंद्रात. कायदा, पंचनामा, तपास, कवायत, सगळं पहिल्यापासून, आणि तेही पगार चालू असताना. जे सरकार पगार देऊन शिकवणार आहे ते आधी स्वतःच्या वडिलांच्या पैशाने शिकून ठेवायची घाई कशाला?

फॉरेन्सिकचं प्रकरण थोडं निराळं आहे, कारण तिथे खरोखरच काहीतरी घडतं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. ही तरतूद लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये न्यायवैद्यक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटींची योजना मंजूर केली. राज्याच्या गृहखात्याखाली न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालय आहे. मुंबईत कालिना, शिवाय नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड असा त्याचा पसारा आहे. घटनास्थळी पोहोचणाऱ्या फिरत्या व्हॅनही आल्या. म्हणजे मागणी वाढणार हे बोलणं हवेतलं नाही.

गफलत पुढच्या पायरीवर होते. ‘सात वर्षांवरच्या प्रत्येक गुन्ह्यात तज्ज्ञ लागणार, महाराष्ट्रात असे गुन्हे किती, म्हणजे नोकऱ्या किती’ असा त्रैराशिकाचा हिशोब मुलांना फळ्यावर मांडून दाखवला जातो. पण नोकऱ्या गुन्ह्यांच्या संख्येवर निर्माण होत नाहीत. वित्त विभागाने जितकी पदं मंजूर केली तितक्याच होतात, आणि मंजूर झालेलं पद कायम की कंत्राटी, हा वेगळा प्रश्न उरतोच. त्या पदांचीही अर्हता बघायची. प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक पदांना विज्ञानाची पदवी लागते आणि रसायनशास्त्राचं वजन तिथे मोठं आहे. ज्याच्याकडे विज्ञानाची पदवीच नाही, त्याला सहा महिन्यांचं फॉरेन्सिक प्रमाणपत्र प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा नेत नाही. ज्याच्याकडे बी.एस्सी. आहे त्याने मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था किंवा राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ यांच्या पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा विचार करावा. तिथेही नोकरीची हमी नाही, पण निदान पदवी मोजली जाते. बी.ए. झालेल्या मुलीला ‘फॉरेन्सिक एक्स्पर्ट बना’ म्हणून फी भरायला लावणं, याला मात्र मी सरळ फसवणूकच म्हणतो. तिला ते चालणार नाही, हे विकणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असतं.

कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभं राहण्याचं आमिषही असंच दाखवलं जातं. हस्ताक्षरतज्ज्ञ व्हा, सायबर तज्ज्ञ व्हा, एका रिपोर्टचे इतके हजार. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये (जुन्या पुरावा कायद्यात ४५) तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात विशेष कौशल्य असलेली व्यक्ती, एवढंच म्हटलं आहे. प्रमाणपत्राची अट नाही. वरवर बघता हे सोयीचं वाटतं, पण ते उलटंही आहे. अट नाही म्हणूनच समोरचा वकील तुमचं कौशल्य कुठून आलं, हे सोलून बघतो. किती दस्तऐवज तपासले, कोणत्या प्रयोगशाळेत काम केलं, कोणती उपकरणं वापरली? सरकारी तज्ज्ञांना इथे वेगळं छत्र आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ मध्ये, ज्यांचे अहवाल पुरावा म्हणून थेट वापरता येतात अशा अधिकाऱ्यांची यादी आहे. बोटांच्या ठशांच्या ब्युरोचे संचालक, न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालक आणि आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे संचालकसुद्धा त्यात आहेत. घरच्या खोलीत बसून टपालाने डिप्लोमा मिळवलेल्या तज्ज्ञाला हे छत्र नाही. त्याला पिंजऱ्यात उभं राहून प्रत्येक वाक्याचा हिशोब द्यावा लागतो.

एक जागा मात्र नव्या कायद्याने खरोखर उघडली आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचा दाखला दोन भागांत लागतो. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मोबाइलमधलं संभाषण, दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण, पेन ड्राइव्हवरची फाइल, यांचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ठसा; फाइल जरा बदलली की तोही बदलतो) काढून ते लिहायचं असतं. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला हॅश म्हणजे काय, फाइल कॉपी करताना काय बिघडतं, दाखल्यात काय राहिलं तर समोरचा कुठे पकडेल, हे कळणं आता रोजच्या कामाचा भाग आहे. अशा वकिलाने सायबर पुराव्याचा नीट शिकवणारा अभ्यासक्रम केला तर त्याचे पैसे पहिल्या दोन-चार खटल्यांत निघतील. तो कागद भिंतीवर लावलाच पाहिजे असंही नाही. त्याच्याकडे वकिलीची सनद आहेच, त्याला लागतं ते डोक्यात.

इथे माझा मूळ मुद्दा येतो. ज्याच्याकडे दारातून आत जायचा पास आधीच आहे, त्याला हे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. ज्याला तो पासच हवा आहे, त्याला नाही. आणि जाहिरातींचा सगळा रोख दुसऱ्यावर असतो, कारण पहिले थोडे आहेत आणि दुसरे लाखांनी.

गंमत अशी की या क्षेत्रातल्या सगळ्यात दुर्लक्षित नोकरीला कायद्याने बळ दिलेलं प्रशिक्षण आहे. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा आणि त्याखालचे केंद्राचे आदर्श नियम सांगतात की सुरक्षारक्षकाला निदान १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, तेही किमान २० कामाच्या दिवसांत. सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या काकांच्या त्या प्रशिक्षणाला कायद्याने नोकरीशी जोडलेलं आहे. एसी क्लासरूममधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट’ला ते भाग्य नाही. (प्रत्यक्षात ते १६० तास किती जणांना मिळतात, हा लेखाचा वेगळा विषय होईल.)

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असं कुणी समजू नये. ज्या देशातून ‘क्रिमिनल जस्टिस’ हे अभ्यासक्रमाचं नाव आपल्याकडे आलं, त्या अमेरिकेत याची मोठी किंमत मोजून झाली आहे. तिथे १९६८ च्या कायद्यानंतर पोलिसांच्या कॉलेज शिक्षणासाठी केंद्राचा पैसा ओतला गेला आणि या विषयाचे विभाग जागोजागी उगवले. पुढे सरकारी मदतीचा तो ओघ आटला, अभ्यासक्रम राहिले, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांनी ते उचलले. शिकागोच्या परिसरात शाखा असलेल्या वेस्टवुड कॉलेजने क्रिमिनल जस्टिसची पदवी विकली. तिचा खर्च ७० हजार डॉलरच्या वर होता. पोलिसात, शेरीफच्या कार्यालयात नोकरी लागेल, असं मुलांना सांगितलं गेलं. पण कॉलेजला जी मान्यता होती ती शिकागो पोलीस आणि इलिनॉय राज्य पोलीस ग्राह्य धरत नव्हते. पुन्हा तेच: भरतीचा नियम एक सांगत होता, विक्रेता दुसरं. इलिनॉयच्या महाधिवक्ता लिसा मॅडिगन यांनी २०१२ मध्ये खटला भरला. २०१५ मध्ये तडजोड झाली आणि कॉलेजने तिथल्या क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांचं दीड कोटी डॉलरचं खासगी कर्ज माफ करायचं कबूल केलं. २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं. २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वेस्टवुडच्या ७९ हजार कर्जदारांचं दीडशे कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. म्हणजे शेवटी भुर्दंड करदात्यावर.

अशा प्रकरणांतून तिथे एक नियम तयार झाला. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या अभ्यासक्रमांना आणि सगळ्याच प्रमाणपत्र अभ्यासक्रमांना सरकारी कर्जाची सोय हवी असेल तर शिकून गेलेल्यांची कमाई आणि त्यांचं कर्ज यांची तुलना सरकार करणार. शिकलेल्याची कमाई नुसत्या बारावी झालेल्यापेक्षाही जास्त नसेल, तर अभ्यासक्रम नापास. हा नियम २०१४ मध्ये झाला, २०१९ मध्ये रद्द झाला, २०२३ मध्ये पुन्हा आला; बारावीशी तुलनेची अट तेव्हाच जोडली गेली. पक्ष बदलला की नियम बदलतो, हे तिथेही आहे. पण प्रश्न कसा विचारायचा, ते त्यांनी दाखवून दिलं: हा कोर्स करणारा न करणाऱ्यापेक्षा जास्त कमावतो का? आपल्याकडे हा प्रश्न अधिकृतपणे कुणी विचारतच नाही.

म्हणून तो घरीच विचारावा लागतो, आणि तिथे हिशोब अर्धाच होतो. फी सगळ्यांना दिसते. समजा फी ४० हजार आणि कोर्स आठ महिन्यांचा. त्या आठ महिन्यांत मुलगा जी १२ हजारांची नोकरी करू शकला असता, ती न केल्याचे ९६ हजार कुणी धरत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिका यांचा खर्च ‘राहायला तर लागतंच’ म्हणून बाजूला काढला जातो. आणि पोलीस भरतीच्या बाबतीत सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे वय. खुल्या प्रवर्गात शिपायाची मर्यादा २८, मागासवर्गीयांना ३३. भरती दरवर्षी निघेलच याचा भरवसा नाही. सव्विसाव्या वर्षी वर्गात घालवलेले आठ महिने म्हणजे कदाचित शेवटच्या भरतीआधीचे आठ महिने. त्या काळात ग्राउंड मारून १६०० मीटरमध्ये दोन-तीन गुण वाढले असते तर त्यांचा मोबदला शिपायाच्या वेतनश्रेणीत, म्हणजे २१,७०० च्या मूळ पगारात आणि पुढच्या तीस वर्षांत मोजायचा. या तुलनेपुढे प्रमाणपत्र उभंच राहत नाही.

तरीही लोक हे का घेतात, याचं एक उत्तर मला पैशापलीकडे दिसतं. भरतीत पडलेल्या मुलाला गावात गेल्यावर ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाला उत्तर लागतं. ‘कोर्स करतोय’ हे मानाचं उत्तर आहे. मुलीच्या बाबतीत तर ते त्याहून मोलाचं. कोर्स चालू आहे तोवर स्थळं बघण्याचा विषय लांबतो, पुण्यातली खोली सुटत नाही. हा फायदा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. एक वर्ष मिळणं ही कित्येक मुलींसाठी सगळ्यात मोठी कमाई असते. पण तेच वर्ष स्वस्तातही मिळतं. इग्नूचा क्रिमिनल जस्टिसमधला पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणाने करता येतो. स्वयं पोर्टलवर गुन्हेगारीशास्त्राचे धडे फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच थोडी फी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, त्यांना प्रशिक्षण देतं, कामाच्या दिवसाचं मानधन देतं, आणि तिथे महिनाभर बसलं की जामीन, रिमांड, पोटगी, समन्स हे शब्द माणसांच्या चेहऱ्यांसकट कळतात. कोणत्याही पॉवर पॉइंटमधून ते कळणार नाहीत.

ज्यांना मनापासून या क्षेत्रात काम करायचं आहे, त्यांना मी तर सांगेन की पोलिसाच्या वर्दीपलीकडे बघा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, तुरुंग आणि कोर्टांमध्ये सामाजिक कार्यकर्त्यांना काम करायला लावतो आहे. कच्च्या कैद्याचा जामीनदार शोधणं, तुरुंगातल्या बाईच्या बाहेर राहिलेल्या मुलांची सोय लावणं, सुटून आलेल्याला काम मिळवून देणं. हेही फौजदारी न्यायाचंच काम आहे, आणि त्याची माणसं कमी पडतात. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. २०१५ च्या कायद्याप्रमाणे त्यांच्याकडून मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव मागितला जातो, किंवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र, कायदा अशा विषयातली पदवी आणि त्यातला व्यवसाय. परत बघा: अनुभव मोजतात, पदवी मोजतात. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तिथेही नाही. या वाटेने जाणाऱ्याने एम.एस.डब्ल्यू. करावं.

आता सरकारकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचं कलम २२ पदवी देण्याच्या अधिकारावर बंधन घालतं. प्रमाणपत्राला हात लावत नाही. त्यामुळे गाळा भाड्याने घेऊन, संस्था नोंदवून कुणीही प्रमाणपत्र वाटू शकतो आणि नोंदणीचा तो कागदच ‘शासनमान्य’ म्हणून काचेत लावू शकतो. खासगी संस्थांनाच बोलून उपयोग नाही. आपली विद्यापीठं आणि महाविद्यालयंसुद्धा स्वयंअर्थसहाय्यित प्रमाणपत्र अभ्यासक्रमांकडे उत्पन्नाचं साधन म्हणून बघू लागली आहेत, आणि सरकारी विद्यापीठाचा शिक्का बघून पालक जास्तच निर्धास्त होतात.

बंदी घालून हे थांबणार नाही, घालूही नये. वकिलाला, पत्रकाराला, बँकेत फसवणुकीच्या तक्रारी बघणाऱ्याला यातलं काही ना काही लागतं. मागणी एवढीच असावी की प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी छापील असाव्यात: हे प्रमाणपत्र कोणत्या पदाच्या सेवाप्रवेश नियमात अर्हता किंवा जादा गुण म्हणून नमूद आहे, नसेल तर ‘कोणत्याही नाही’ हे शब्द, आणि मागच्या तीन तुकड्यांतल्या किती जणांना या क्षेत्रात काम लागलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीची हमी, निवडीचे फुगवलेले आकडे यांना त्यात मनाई आहे, आणि ग्राहक कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शंभर टक्के पोलीस खात्यात संधी’ असे फ्लेक्स लावणाऱ्यांविरुद्ध हे हत्यार वापरायला काय हरकत आहे? तक्रार करायला कुणीतरी पुढे यायला हवं, आणि फी बुडालेली मुलं सहसा गप्प बसतात, कारण तक्रार म्हणजे घरी आपण फसलो हे सांगणं.

गृहखात्याचाही यात वाटा आहे. नवा कायदा आणताना तज्ज्ञ लागतील असं जाहीर करायचं, पण किती पदं, कोणती अर्हता, कायम की कंत्राटी, हे सांगायला वर्षं लावायची, या फटीतच ही दुकानं उभी राहतात. कलम १७६(३) ज्या दिवशी पूर्णपणे लागू करायचं ठरेल त्याच्या आधी पदांचा आकृतिबंध (कोणती पदं, किती, याचा तक्ता) आणि सेवाप्रवेश नियम संकेतस्थळावर टाकले, तर निम्म्या माहितीपुस्तिका आपोआप खोट्या पडतील.

एक सूचना मात्र मला धोक्याची वाटते, आणि ती चांगल्या हेतूने केली जाते. एवढी मुलं हे शिकतात, तर भरतीत त्याला पाच गुण द्या, म्हणजे शिकण्याचं चीज होईल, असं काही जण म्हणतात. अर्धा गुण निर्णायक ठरणाऱ्या भरतीत पाच गुण जाहीर झाले की १७ लाख अर्जदारांपैकी कुणालाही ते प्रमाणपत्र न घेणं परवडणार नाही. फी अगदी पाच हजार धरली तरी साडेआठशे कोटी रुपये शेतमजुरांच्या, रिक्षावाल्यांच्या, अंगणवाडी सेविकांच्या घरांतून निघून या संस्थांकडे जातील. ज्याला पाच हजार जमले नाहीत तो मैदानावर पाय ठेवण्याआधीच बाहेर. आणि बाकीच्यांचं मेरिट होतं तिथेच राहील, कारण ते पाच गुण सगळ्यांनाच मिळालेले असतील.